नदीकडचे दार

सातारा, शनिवार

कृष्णाकाठच्या एका गावी जुन्या सरदार घराण्याच्या वाड्याचा जीर्णोद्धार झाला असून तेथे पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली आहे, असे पत्रक आमच्या कचेरीत आले. पत्रकात ‘ऐतिहासिक’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीत होता. इतिहास मात्र कोठे नव्हता. कोणी बांधला, कधी, कशासाठी, यांपैकी काही नाही. सोबत एका भव्य सागवानी दाराचे छायाचित्र होते. संपादकांना ते दार आवडले. त्यांनी मला पाठवले.

गावाचे नाव देत नाही. ज्यांना जायचेच आहे त्यांना ते सापडेल. कऱ्हाड सोडून सांगलीच्या दिशेने नदी धरून गेले की डाव्या हाताला गुलाबी रंगाची एक इमारत दिसते, तोच वाडा.

एस.टी.त उंब्रजला वांग्यांची पाटी घेऊन एक म्हातारी शेजारी बसली. कोठे निघालात, असे तिने विचारले. मी सांगितले.

“वाड्यात ऱ्हायला?” ती म्हणाली. “आपनहून?”

“हो.”

“माझी सासू त्या वाड्यात दळायला व्हती. सांजच्याला कवा एकदा भायेर पडंन असं व्हायचं तिला.” तिने पाटी मांडीवर नीट धरली. “बघा बाबा. तुमी शिकल्याली मानसं.”

वाडा, शनिवार दुपार

साताऱ्यात आम्ही जुने वाडे पाडतो आणि त्या जागी चाळी बांधतो. हे वाईट आहे, पण प्रामाणिक आहे. येथे वाडा पाडलेला नाही. त्याला रंग दिला आहे.

सागवानी खांब फिकट गुलाबी ऑइलपेंटने रंगवले आहेत आणि त्यांच्या माथ्यावरची कोरीव कमळे चंदेरी केली आहेत. चौकातल्या दगडी फरशीवर मोझेक घातले आहे. मधोमध सिमेंटचा बगळा आहे. त्याच्या चोचीतून पाणी यावे अशी योजना होती. ते येत नाही. दिवे लावायच्या कोनाड्यांत ट्यूबलाइटच्या नळ्या आडव्या बसवल्या आहेत, आणि कोनाडा नळीपेक्षा लहान असल्याने प्रत्येक नळीची दोन्ही टोके बाहेर आलेली आहेत. दिवाणखान्याच्या भिंतीवर दशावतार काढलेले होते. ते डिस्टेंपरखाली गेले. स्विचबोर्डाच्या खाली कूर्माची पाठ तेवढी शिल्लक आहे, कारण तेथे ब्रश पोचला नाही.

मालकांना गावात आबासाहेब म्हणतात. वय पन्नाशीच्या घरात, अंगात सफारी, शेती उसाची. मुलांच्या शिक्षणासाठी बरीच वर्षे पुण्यात काढून ते दुष्काळ संपल्यावर गावी परत आले. पुण्याने त्यांना एक शब्द दिला आहे: ‘ओरिजनल’. खांब दाखवताना ते ओरिजनल म्हणाले, बगळा दाखवतानाही म्हणाले.

“आणि आता हे बघा,” असे म्हणून त्यांनी मला मागच्या अंगाला नेले.

चौकातून एक अरुंद बोळ नदीकडे जातो. बोळाच्या टोकाला छायाचित्रातले ते दार होते. दोन फळ्यांचे, पितळी फुल्यांचे, माणसाच्या दीडपट उंच. पॉलिश इतके होते की त्यात आबासाहेबांची सफारी दिसत होती.

त्यांनी कडी काढली. आत न्हाणीघर होते.

पूर्वी येथे देवडी होती. तिच्यातून पायऱ्या थेट घाटावर उतरत. आबासाहेबांनी नदीकडची कमान विटांनी बंद केली, देवडीत टाइल्स बसवल्या, बेसिन, आरसा आणि सांगलीहून आणलेला कमोड बसवला, आणि कमानीतले मूळ दार काढून अलीकडे, न्हाणीघराला लावले. पाहुण्याची खोली बोळाच्या डाव्या हाताला आहे. या रचनेला ते ‘अटॅच्ड’ म्हणतात. न्हाणीघर खोलीला नव्हे, बोळाला जोडलेले आहे.

“भिंत कशी आहे?” त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता बंद कमानीवर मूठ आपटली. “परमिटचं सिमेंट. कालवा खात्याला मिळत नाही असलं. तोफ लावा, हलणार नाही.”

“नदी दिसली असती,” मी म्हणालो.

“नदी काय,” आबासाहेब म्हणाले, “रोज दिसते.”

शनिवारची संध्याकाळ

कृष्णाकाठच्या वांग्यांसाठी लोक लांबून येतात. माझ्या खोलीच्या खिडकीतून त्या वांग्यांची शेते दिसत होती. जेवायला डब्यातले वाटाणे, बटाट्याचे कटलेट आणि कस्टर्ड होते. स्वयंपाकघरातून भाकरी आणि भरिताचा वास येत होता. मी तसे बोललो.

वहिनीसाहेब, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. “ते गड्यांसाठी हाय,” त्या म्हणाल्या. नवऱ्याकडे न पाहता त्यांनी भाकरी आणि भरीत आणून माझ्या ताटात वाढले. त्या वाड्यातली जीर्णोद्धार न झालेली ती एकच वस्तू होती आणि ती उत्तम होती.

जेवताना आबासाहेबांनी मला शनिवारीच का बोलावले ते सांगितले. दुसऱ्या दिवशी गावात कृष्णामाईचा उत्सव होता. माघात या काठच्या अनेक गावांत तो होतो. या गावात देवीची पालखी देवळातून निघते, वाड्याच्या पुढच्या दाराने आत येते, चौकातून जाते आणि नदीकडच्या दाराने घाटावर उतरते. तेथे देवीला स्नान घालतात. पालखी घरातून जाणे हा या घराण्याचा मान. गावात त्यांच्याकडे आता तेवढाच उरला आहे. पाटीलकी गेली, इनाम गेले, सोसायटीची निवडणूकही गेल्या खेपेस गेली. एखाद्या वर्षी पालखी घरातून जाऊ शकली नाही, तर मान खालच्या आळीच्या पाटलांकडे जातो. पाटील त्याची वाट पाहत आहेत.

“पण नदीकडचे दार तर…” मी म्हणालो.

“दार आहे ना. गुरवानं परवाच येऊन पाहिलं. खूश झाला.”

“आत काय आहे ते पाहिले?”

“आत कशाला जाईल तो? दाराशी आरती करतील, आल्या वाटेनं परत जातील. मान दाराला असतो हो, भिंतीला नाही.”

गेली पंधरा वर्षे पालखी आली तेव्हा आबासाहेब पुण्यात होते. घरातल्या जुन्या माणसांना त्यांनी काही विचारले का, हे मी त्यांना विचारले. त्यांनी कस्टर्ड पुढे केले.

रविवार

सकाळी नळ उघडला. नळाने आवाज केला. कमोडच्या टाकीनेही केला. पाणी कोणीच दिले नाही. टाकी छपरावर आहे, पण ती भरणारा पंप नदीवर, आणि पंपाचा पाइप नव्या भिंतीमुळे तोडावा लागला, असे नंतर कळले. मी तांब्या घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडलो आणि वाड्याला वळसा घालून घाटावर गेलो.

घाटावरून तो वाडा प्रथमच नीट पाहता आला. खाली काळ्या दगडाचे जोते, वर दगडी कमान, दोन्ही बाजूंना कोरलेले शरभ. कमानीच्या पोटात लाल विटांची भिंत, तिला गिलावाही केलेला नाही. नदीच्या बाजूने कोणी पाहुणा येणार नाही, असा हिशेब असावा.

घाटाच्या खालच्या अंगाला, पायऱ्या संपतात तेथे, चाळिशीचा एक माणूस मिसरी लावत बसला होता. मी भिंतीकडे पाहतो आहे हे त्याच्या लक्षात आले.

“माझी हाय ती,” तो म्हणाला.

त्याचे नाव नामदेव. तो गवंडी आहे. आधी फौजेत होता. त्याची वस्ती गावाबाहेर, नदीच्या उताराला आहे. छप्पन साली त्याच्या वडिलांनी वस्तीबरोबर बौद्ध धर्म घेतला आणि गावकीची कामे सोडली.

“आतून केला तसा बाहेरून गिलावा का नाही केला?” मी विचारले.

“आतलं माझं न्हाई. आतलं सांगलीच्या मानसांनी केलं. मला आत घेत्यात व्हय? देवघर हाय म्हनं वाटंत.” त्याने चूळ भरली. “समदी भिंत हितनंच घातली. शेवटची वीट बी हितनंच लावली. त्यो कोपरा बघा, वरचा. बिल्डिंग बांधताना मानूस आत आडकू ने म्हून जपत्यात. हितं मी भायेर आडकलो.”

तो हसला. आज काम नाही का, असे मी विचारले.

“आज कोन काम देतंय. पालखी देवळाभायेर असली की गावात लोखंड वाजवत न्हाईत. कुदळ न्हाई, कुऱ्हाड न्हाई, हातोडा न्हाई. सुतारसुदीक घरी बसतो.”

“तुम्ही पाळता ते?”

“आमी कशाला पाळू? पर देनारं पाळत्यात.”

पालखी

नऊच्या सुमारास पालखी वाड्यात आली. हलगी होती, सनई होती, गुलाल होता. आबासाहेबांनी फेटा बांधला होता. चौकात सिमेंटच्या बगळ्याला पालखीच्या दांडीचा धक्का लागला आणि त्याची चोच पडली. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पालखी बोळात शिरली. बोळ एवढा अरुंद की भोयांना एकामागे एक चालावे लागते आणि शेजारून माणूस जायचा तर त्याला भिंतीला पाठ लावावी लागते.

पुढे तात्या गुरव होते. सत्तरीचे, उघड्या अंगाचे. त्यांनी दाराला कुंकू लावले, कडी काढली आणि दोन्ही फळ्या ढकलल्या.

सनई थांबली. मग हलगी थांबली.

तात्या गुरवांनी कमोडकडे पाहिले. मग भिंतीकडे. मग पुन्हा कमोडकडे.

“आबासाहेब,” ते म्हणाले, “ह्ये काय बसिवलंय?”

“न्हाणीघर आहे. तुम्ही आरती इथंच करा, तात्या, आणि पालखी चौकातून—”

“चौकातनं कुठं?”

“परत.”

बोळात कोणी तरी हसले. तात्या गुरव हसले नाहीत. “पालखी माघारी वळत न्हाई. एक पाऊल मागं जात न्हाई. तुमच्या आज्याला इचारा,” ते म्हणाले. आजोबा वारून बराच काळ लोटला होता. “आन् भुईला टेकवत बी न्हाईत. आता कसं?”

आता कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आबासाहेबांनी दार आहे एवढे पाहिले होते. गुरवांनीही परवा दार आहे एवढेच पाहिले होते. दाराच्या पलीकडे काय आहे हे पाहण्याची दोघांनाही गरज वाटली नव्हती. देवी बोळात उभी होती आणि चार माणसांच्या खांद्यांवर तिचा भार होता.

“खांदा दे रं गड्या,” मागचा भोई म्हणाला.

“माझाच गेलाय. तुला कुठनं देऊ?”

भिंत पाडावी, असे सर्वांना एकाच वेळी सुचले, आणि पालखी बाहेर असताना लोखंड मारता येत नाही हेही एकाच वेळी आठवले. मग लाकूड आणले. गोठ्यातला एक ओंडका सहा जणांनी धरला, पालखीखालून वाकून न्हाणीघरात नेला आणि भिंतीवर आपटला. आरसा हलला. पुन्हा आपटला. बेसिनचा एक टवका उडाला. भिंतीवर एक वण उठला, तो ओंडक्याच्या निघालेल्या सालीचा होता. वाड्याविषयी आबासाहेबांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी भिंतीची गोष्ट तेवढी खरी निघाली.

खालच्या आळीचे पाटील बोळाच्या तोंडाशी उभे होते. सदरा परीटघडीचा, खांद्यावर शाल. या प्रसंगाची कल्पना असल्यासारखे ते आलेले दिसत होते.

“आमचं घर ल्हान हाय, आबासाहेब,” ते म्हणाले. “पर दोन्हीकडनं उघडं हाय.”

आबासाहेबांनी फेटा सारखा केला. तो सरळच होता. दोन दिवसांत त्या माणसाविषयी मला काही वाटले असेल तर तेव्हा, आणि तेही फार वेळ नाही.

“ह्यी घातली कुनी?” मधला भोई म्हणाला. “नाम्यानं. मग त्याच्याच हातनं फोडा की. त्याला कुठं आपलं लोखंड आडतंय?”

सर्वांनी तात्या गुरवांकडे पाहिले. त्यांनी विचार केला. “त्यो आपल्या रीतीत न्हाई,” ते म्हणाले. “त्यानं हानलं तर दोष न्हाई.”

ज्यांना रीतीबाहेर ठेवण्यात गावाने पिढ्या घालवल्या, ते रीतीबाहेर असल्याचा गावाला त्या क्षणी मनापासून आनंद झाला. एक गडी पळत वस्तीवर गेला आणि तसाच परत आला.

“येत न्हाई म्हनतोय. मालकानं यावं म्हनतो.”

वस्ती

आबासाहेब गेले. मीही गेलो. नामदेव अंगणात बाजेवर बसून दाढी करत होता. त्याची बायको शेळीला पाला टाकत होती.

“नाम्या, हातोडा घे आणि चल लवकर,” आबासाहेब म्हणाले.

नामदेवने आरशात पाहत गाल ताणला. “कुनाला हाक मारली गं?” त्याने बायकोला विचारले.

“मला न्हाई बा ठावं,” ती म्हणाली.

“नामदेव,” आबासाहेब म्हणाले, “गाव खोळंबलंय.”

“पालखी भायेर हाय, सायेब. आज लोखंड चालत न्हाई.”

“तुला चालतं.”

“मला चालतं, व्हय. कुठनं फोडायची?”

“बाहेरून. घातलीस तशीच. नदीकडून.”

नामदेवने वस्तरा पुसला. “भायेरनं घन घातला तर इटा आत पडत्यात. आत कोन हाय?”

आबासाहेबांनी घड्याळ पाहिले.

“तुमची देवी हाय. आन् तिच्याखाली चार मानसं. मागं सरकता येत न्हाई त्यास्नी, म्हनं. तवा आतनं फोडायची, इटा नदीकडं पाडायच्या.” तो उठला. “आतनं म्हंजे म्होरल्या दारानं. चौकातनं. चालत आसंल तर सांगा, न्हाईतर माझी अर्धी दाढी ऱ्हायलीय.”

लांबून हलगीचा एक ठोका आला, बहुधा कोणी तरी कंटाळून मारलेला. आबासाहेबांनी वस्तीकडे पाहिले, वाड्याकडे पाहिले. पाटलांची परीटघडी त्यांच्या डोळ्यांसमोर असावी.

“चला, नामदेवराव,” ते म्हणाले.

“आवं, बूट घाला,” नामदेवची बायको म्हणाली. “आरसा फुटला आसंल तितं.”

त्याने फौजेतले बूट घातले. दाढी अर्धीच राहिली.

पुन्हा बोळ

तो पुढच्या दाराने आत आला तेव्हा चौकात गाव उभे होते. गर्दीने वाट दिली. सगळ्यांचे लक्ष एकाएकी खांबांवरच्या चंदेरी कमळांकडे गेले. पाटलांनी कान कोरायला घेतला. नामदेव मोझेकवरून बूट वाजवत देवघरासमोरून गेला आणि बोळात शिरला. पालखीच्या दांडीखालून पलीकडे जाताना त्याला वाकावे लागले. तेवढे वाकणे पाहून काही जणांना समाधान वाटले. पलीकडे जाऊन तो सरळ झाला आणि त्याने पालखीकडे पाठ केली.

त्याने वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली, शेवटची वीट होती तेथून. घणाचे घाव वाड्यात घुमले. पालखी बाहेर असताना लोखंडाचा आवाज ते गाव बहुधा प्रथमच ऐकत होते. कोणी कानांवर हात ठेवले नाहीत. विटा बाहेर घाटावर पडू लागल्या. मग उजेड आला, नदीवरचा, एकदम पांढरा. त्यात टाइल्स आणि कमोड स्पष्ट दिसू लागले.

कमोड नेमका वाटेत होता. तो काढायला वेळ नव्हता. आबासाहेबांनी खांद्यावरचे उपरणे त्याच्यावर टाकले. पालखी त्याला अंग चोरून, बेसिनला घासून, विटांच्या ढिगावरून, कमानीतून बाहेर गेली. दांडीच्या टोकाने आरसा पडला. सनई सुरू झाली.

पाटील वळसा घालून घाटाकडे निघाले. जाताना शाल त्यांनी घडी करून काखेत घेतली.

नामदेव पालखीमागे भगदाडातून गेला नाही. त्याने घण खांद्यावर टाकला आणि बोळातून, चौकातून, पुढच्या दाराने, आला तसा बाहेर पडला. घाई केली नाही.

तो गेल्यावर आबासाहेबांनी वहिनीसाहेबांना जवळ बोलावले आणि आवाज उतरवून सांगितले, “चौक आणि बोळ धुवून घ्या. गोमूत्र शिंपडा.”

“कशानं धुऊ?” वहिनीसाहेब मोठ्याने म्हणाल्या. “नळाला पानी न्हाई. नदीवरनं आनायचं तर त्यानं पाडलेल्या वाटंनं आनायचं, न्हाईतर त्यो चालला त्या म्होरल्या दारानं.”

आबासाहेबांनी तो विषय तेथेच सोडला. चौक धुतला गेला नाही.

सांगली, सोमवार

रविवारी दुपारी निघताना आबासाहेबांनी मला दारापर्यंत पोचवले. ते पुन्हा सफारीत होते. मान राहिला होता आणि त्यांचा आवाज परत आला होता.

“लिहा,” ते म्हणाले, “की परंपरेप्रमाणे नदीकडचं दार उघडण्यात आलं. एवढंच पुरे. नाम्याला सांगून उद्या भिंत पुन्हा घालून घेतो. पाहुणे येणार आहेत मुंबईचे.”

हे वाक्य लिहिणे मला शक्य नव्हते, म्हणून जे झाले ते वर लिहिले आहे.

एस.टी.चा थांबा गावाबाहेर, वस्तीजवळच आहे. नामदेव उरलेली दाढी करून बसला होता. वाड्याचा गडी त्याला निरोप देऊन नुकताच गेला होता. भिंत घालणार का, असे मी विचारले.

“घालतो की,” तो म्हणाला. “मी न्हाई म्हनलो न्हाई. पर आता आतनं घालनार. शेवटची वीट बी आतनं. मग भायेर कुठनं पडनार? म्होरल्या दारानं. तसा सांगावा धाडलाय.”

“आबासाहेब काय म्हणाले?”

“इच्यार करत्यात.”

आज येथे सांगलीच्या बाजारात त्या गावचा एक वांगीवाला भेटला. विचार अजून चालू आहे. कमानीला सध्या फुलाफुलांचा पडदा लावला आहे, नदीवर वारा सुटला की तो आत येतो, आणि घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांना कमोड दिसतो.

ज्यांना त्या वाड्यात मुक्काम करायचा आहे, त्यांनी तांब्या न्यावा. नदीकडचे दार उघडे आहे.